मला कसंतरी होतं

वाक्य एवढंच होतं: ‘इन द एलिव्हेटर, आय फील क्रीपी.’ ऑगस्टमधला शनिवार, तैवानमधल्या शिन्चू शहरातलं आमचं घर, जेवणाच्या टेबलाभोवती चार जणी आणि मधे चहाची किटली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्यापासून मी शेजारपाजारच्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. नवा शब्द वापरून रोजच्या जगण्यातलं एक वाक्य लिहून आणा, असा त्या आठवड्याचा गृहपाठ होता. चौघींतली सगळ्यात धाकटी तिशीची आहे, एका दुकानाचे हिशेब बघते. तिने वहीत डोकं घालून, वर न बघता ते वाक्य वाचलं. तिचं संपायच्या आत मी म्हटलं, अगं नाही, असं म्हटलंस तर तूच क्रीपी ठरशील! सगळ्या हसल्या. तीही हसली, तोंडावर हात धरून, इथल्या मुली हसतात तशी. मग तिने वाक्य खोडरबराने पुसलं, रबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि नीट अक्षरात नवीन वाक्य लिहिलं: ‘द एलिव्हेटर इज क्रीपी.’ मी त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या बाईंकडे वळले.

दुपारी कप विसळताना माझा हात थांबला. लिफ्ट कशी काय क्रीपी असेल? तिच्या इमारतीत मी गेलेली आहे. लख्ख उजेडाची, आरशाची लिफ्ट आहे ती. तिच्या बटणांत चार नंबर नाही, कारण चिनीत ‘चार’ आणि ‘मरण’ हे उच्चाराने जवळजवळ सारखे. तीननंतर एकदम पाच. पण त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही, आपल्याकडे गाडीला लिंबू-मिरची असते तितकं ते सवयीचं. मग ती काय सांगत होती? मी वाक्य दुरुस्त केलं आणि त्या भरात लिफ्टमध्ये जे कुणी किंवा जे काही होतं, ते वाक्यातून बाहेर काढून टाकलं.

चिनी बोलणाऱ्यांना हा शब्द शिकवताना अडचण येते ती त्यांच्याकडे शब्द कमी म्हणून नाही, उलट खूप आहेत म्हणून. शब्दकोश उघडला की पहिल्यांदा भेटतात ‘ख-फा’ आणि ‘खोंगपू’. हे भीतीचे धडधडीत शब्द: भूकंप ख-फा असतो, अपघात खोंगपू असतो. मी फळ्यावर लिहून सांगत होते की क्रीपी म्हणजे एवढं मोठं काही नाही. समोर सुरा घेतलेला माणूस क्रीपी नसतो, तो सरळ भयंकर असतो. रात्री दोन वाजता रिकाम्या बागेत एकच झोपाळा हलतोय आणि वारा पडलेला आहे, ते क्रीपी. तेव्हा नाश्त्याचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी आपली बाही वर सारली आणि कोपरापासून मनगटापर्यंत उलटा हात फिरवला. “माओमाओ द,” त्या म्हणाल्या. माओ म्हणजे केस, लव. लव उभी राहिल्यासारखं. मन अस्वस्थ झालं तरी ‘शिन्ली फामाओ’ म्हणतात, म्हणजे मनाच्या आत लव उठते. त्या बाईंना आम्ही सगळ्या ‘आयी’ म्हणतो. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण हाक मारताना माझ्या कानाला दर वेळी तो आपलाच शब्द ऐकू येतो. तर आयींनी हातावरची लव दाखवली आणि मला कळलं, शब्द यांना पोचला.

पोचला, पण ज्या बाजूने तो चालवायचा ती बाजू उलटी पडली. ‘मला माओमाओ वाटतंय’ हे चिनीत अगदी सरळ वाक्य आहे. तेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून नेलं की ‘आय फील क्रीपी’ होतं, आणि भीती ज्याला वाटते तोच भीतीचं कारण होऊन बसतो. कंटाळलेला माणूस ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. बोअरिंगला बोअर्ड आहे, स्केअरीला स्केअर्ड आहे. क्रीपीला मात्र तसा सरळ जोडीदार नाही, ‘क्रीप्ड आऊट’ अशी दोन पायांची कुबडी घ्यावी लागते, आणि ती ऐन वेळी कुणाला आठवत नाही.

आपल्या मराठीने ही बाजूच टाळली आहे. मला भीती वाटते, मला किळस येते, माझ्या अंगावर काटा येतो. सगळं बाहेरून माझ्याकडे येतं, मी फक्त ते येण्याची जागा. कुणी केलं, कशामुळे झालं, ते वाक्यात सांगितलंच पाहिजे असं नाही. शंकेची पाल चुकचुकते, पण कुठल्या भिंतीवर ते विचारायची पद्धत नाही. मला हा वाक्प्रचार फार अचूक वाटतो. पाल दिसत नाही, चावत नाही, नुसता आवाज येतो आणि चालू वाक्य अर्धवट राहतं. आजी तर अशा वेळी बोलणं थांबवून बोटाने जमिनीवर टिचकी मारायची. इंग्रजी शब्दही मूळचा सरपटण्यावरूनच आलेला. कातडीवरून काहीतरी सरपटत गेल्याची भावना, हा त्याचा गाभा. तिकडे सरपट, इकडे काटा, आयींच्या हातावर लव. कातडी सगळ्यांची एकच.

आणि आपल्याकडे आणखी एक वाक्य आहे. मला कसंतरी होतं.

हे वाक्य मी दहा-अकरा वर्षांची असताना आईला म्हणाले होते. चिपळूणचं घर, दुपारची वेळ, पावसाळ्यात भिंतींना येतो तो ओलसर वास. आमच्याकडे एक काका यायचे. नात्याचे नव्हते, पण सगळे त्यांना काका म्हणायचे. पेपर वाचायला यायचे, वडिलांशी बोलायचे, जाताना मला हाक मारून लिमलेटची गोळी द्यायचे. गोळी माझ्या तळहातावर ठेवायची, वरून स्वतःच्या हाताने माझी बोटं मिटवायची, आणि मग ती मूठ सोडायला थोडा उशीर करायचा. एवढंच. पाच-सात सेकंदांचा उशीर. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता, अंगठा माझ्या मनगटावर असायचा, आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे न बघता वडिलांशी पावसाबद्दल बोलत असायचे. कोणी बघितलं असतं तरी बघण्यासारखं काही नव्हतं. मी गोळी खात नसे, मागच्या दारी फेकून देत असे, आणि लाल मुंग्यांची रांग लागली की त्या रांगेकडे बघत बसत असे. एका दुपारी काकांची चप्पल अंगणात वाजली तशी मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं, मला कसंतरी होतंय. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग तिने डब्यातून चिमूटभर ओवा काढला, त्यात काळं मीठ घातलं आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, चावून खा, वर गरम पाणी पी, बरं वाटेल.

आईचं काय चुकलं? मराठीत मुलगी ‘कसंतरी होतंय’ म्हणाली की पोट बघायचं असतं. वाक्यात माणूस नव्हताच. मी तो घातला नव्हता, कारण घालायचा कसा ते मला येत नव्हतं. ‘काका वाईट आहेत’ म्हणायला त्यांनी वाईट काही केलेलं नव्हतं. ‘काकांची भीती वाटते’ म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि पाच सेकंदांचा उशीर हे काही कारण म्हणून सांगता येण्यासारखं नव्हतं. ओव्याचा तिखट झणका नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेर काकांनी हाक मारली. मी गेले.

आजही ओव्याच्या वासाबरोबर ती हाक ऐकू येते.

चिनी शिकताना एक जोडी मला फार दिवस छळत होती. ‘क्वाय’ हा उच्चार वरच्या पट्टीत सपाट ठेवला तर अर्थ होतो गुणी, सांगितलेलं ऐकणारं मूल. तोच वरून खाली टाकला तर अर्थ होतो विचित्र, चमत्कारिक. पहिल्या क्वायची इथे फार चलती आहे. क्वाय-क्वाय नावाच्या चटकमटक खाऊची हिरवी पाकिटं लोक यंत्रांवर ठेवतात, यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून. हिरवंच पाकीट हवं, आणि मुदत संपलेलं चालत नाही. नवऱ्याच्या ऑफिसातही आहे. दुसऱ्या क्वायवरून मुलांना सावध करायचा शब्द आला आहे: ‘क्वाय शूशू’. शूशू म्हणजे काका. विचित्र काका. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आयींना तो तीनदा म्हणायला लावला. समुद्रापलीकडच्या एका भाषेनेही त्या माणसाला काकाच म्हटलं होतं, आणि पुढे एक विशेषण लावून मुलांच्या हातात दिलं होतं. मला विशेषण मिळालं नव्हतं. मला फक्त पहिला क्वाय शिकवलेला होता, वरच्या पट्टीतला, सपाट.

म्हणून पुण्यातली माझी भाची जेव्हा सहज म्हणते, “मावशी, तो सर क्रीपी आहे, आम्ही त्याच्या केबिनमध्ये दोघी-दोघी जातो,” तेव्हा मराठीत इंग्रजी घुसल्याचं मला जराही दुःख होत नाही. तिच्या वाक्यात माणूस आहे. विशेषण त्याच्या अंगावर आहे, तिच्या पोटात नाही. त्याने काय केलं ते तिला सिद्ध करावं लागत नाही, मैत्रिणीला बरोबर न्यायला एवढा शब्द पुरतो. आम्हाला हा शब्द असता तर मूठभर लिमलेटच्या गोळ्या मुंग्यांना गेल्या नसत्या.

तरी हा शब्द हातात घेताना मन पुरतं मोकळं होत नाही, कारण मला दुसराही एक माणूस आठवतो. शाळेच्या वाटेवर, स्मशानाला लाकडं पुरवणारा एक जण वखारीच्या दारात बसलेला असायचा. चेहऱ्यावर, हातांवर कोड, एक डोळा पांढरा झालेला, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. आम्ही मुली ती वीस पावलं पळत पार करायचो. त्याच्याबद्दल मात्र घरी बिनदिक्कत सांगायचो, त्याची नक्कल करायचो, आणि घरचेही म्हणायचे, त्याच्या वाटेला जाऊ नका. एका पावसात धावताना माझी चप्पल तिथे चिखलात रुतून राहिली. दोन दिवसांनी वखारीबाहेरच्या कठड्यावर ती ठेवलेली दिसली, धुतलेली, उपडी, पाणी निथळावं म्हणून. तो आत लाकडं रचत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही. मी चप्पल उचलली आणि पुन्हा पळाले. अंगावर काटा तेव्हाही आलाच. कातडीला चप्पल धुतलेली कळत नाही.

अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या फ्रान्सिस मॅकअँड्र्यू आणि सारा कोन्की यांनी 2016 साली या क्रीपीपणावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1,341 लोकांना त्यांनी विचारलं की कोणती माणसं, कोणते व्यवसाय, कोणत्या सवयी अशा वाटतात. व्यवसायांत सर्कशीतला विदूषक सगळ्यात वर आला, त्यामागे मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारे आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारेही होते. म्हणजे आमचा वखारवाला तिकडेही सुटला नसता. पण त्या दोघांनी त्यामागचं जे कारण मांडलं ते मला पटतं. धोका आहे की नाही हेच न कळणं, ही त्या भावनेची मुळी. धोका नक्की असेल तर माणूस पळतो, नक्की नसेल तर विसरतो. मधल्या जागेत तो अडकतो, पळताही येत नाही, कारण पळालो आणि काही नसलंच तर आपण उद्धट ठरू. काकांसमोर मी त्याच मधल्या जागेत उभी होते, मूठ मिटलेली. वखारीसमोर नव्हते, तिथून पळायला सगळ्यांची परवानगी होती.

रात्री झोप येईना म्हणून या शब्दाचा इतिहास चाळत बसले आणि जे सापडलं त्याने आणखीच वाईट वाटलं. 1830 च्या सुमाराला इंग्रजीत ‘क्रीपी’चा अर्थ होता ज्याच्या कातडीवर शिरशिरी आली आहे तो. म्हणजे शिरशिरी अनुभवणारा. ती आणणाऱ्या गोष्टीला हा शब्द लागला तो त्यानंतर, 1850 च्या दशकात. डिकन्सने 1849-50 मध्ये क्रमशः लिहिलेल्या कादंबरीत एक एकटी विधवा बाई पाठीत ‘क्रीप्स’ येतात म्हणून कुरकुरते, आणि कारण सांगते थंडीचं. चिनीत बरोबर याच्या उलट जुना शब्द आहे, ‘पू हान अर ली’: थंडी नसताना कापणं. तो भुताखेतांवरून आलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या एका अधिकाऱ्याने एका दिवसात चारशेहून जास्त माणसं मारली, आणि सगळा प्रांत थंडी नसताना कापू लागला, असं स-मा छ्येन या इतिहासकाराने लिहून ठेवलं, तिथून तो आला. एवढं सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांसमोर होता तो तळहातावरचा रबराचा चुरा. तिचं वाक्य चूक नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते जसंच्या तसं चाललं असतं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढचा शनिवार 6 सप्टेंबर, चोंगयुआनचा दिवस, सातव्या महिन्याची पौर्णिमा. भुतांचा महिना म्हणतात याला. पाताळाचे दरवाजे उघडे असतात आणि ज्यांना घरदार नाही ते आत्मे जेवायला वर येतात. त्यांना कोणी भूत म्हणत नाही, म्हणतात ‘हाओ श्योंगती’, चांगले भाऊ. कोकणात रात्री सापाला साप न म्हणता जनावर किंवा लांबडं म्हणतात, तसंच. या महिन्यात रात्री शिट्टी वाजवायची नाही, भाऊ येतात. आमच्याकडे शिट्टी वाजवली की लांबडं यायचं. एरवी ही पौर्णिमा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास पडते, पण 2025 साली त्यांच्याकडे अधिक महिना आल्यामुळे ती ढकलली गेली आणि नेमकी अनंत चतुर्दशीच्या दिवशी आली. सकाळी फोनवर चिपळूणच्या आरतीचा व्हिडिओ पाहिला आणि दुपारी हातात संत्र्यांची पिशवी घेऊन तिच्या इमारतीच्या अंगणात गेले. तिनेच निरोप पाठवला होता: लाओश (म्हणजे बाई), या.

लांबलचक टेबलं मांडली होती. तांदळाच्या पिशव्या, तेलाच्या बाटल्या, डबाबंद मासळी, बिस्किटं, शीतपेयं, आणि प्रत्येक पदार्थात खोचलेली एकेक उदबत्ती. एका बाजूला पाण्याने भरलेलं घमेलं आणि त्यावर नवा टॉवेल, लांबून आलेल्यांना हातपाय धुवायला. शिन्चूचा वारा प्रसिद्धच आहे, धूर सारखा दिशा बदलत होता आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. पिंजऱ्यात कागदी नोटा जळत होत्या. मला या गोष्टीचं पहिल्या वर्षी फार कसंतरी व्हायचं. इथल्या नगरदेवाच्या देवळातले त्याचे दोन रक्षक, छीये आणि पाये, पाहूनही तसंच, एक उंच आणि जीभ लोंबणारा, दुसरा बुटका आणि काळ्या तोंडाचा. मग आयींनी गोष्ट सांगितली. दोघं मित्र. पुलाखाली भेटायचं ठरलं, पाऊस आला, उंच मित्र छत्री आणायला गेला, पाणी चढलं आणि बुटका दिलेल्या शब्दासाठी तिथेच थांबून बुडाला. परत आलेल्याने ते पाहून गळफास घेतला, म्हणून ती जीभ. तेव्हापासून मला ती जीभ बघवते.

सगळं आटोपल्यावर तिच्या वाट्याचा तांदूळ आणि तेल वर न्यायला मी बरोबर निघाले. लिफ्टच्या दाराशी मी म्हटलं, त्या दिवशी तुझं वाक्य मी अर्धवट ऐकलं. आता नीट सांग, चिनीत सांगितलंस तरी चालेल. ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. मग इंग्रजीतच बोलली, एकेक शब्द ठेवत. एक माणूस आहे. खाली उभा असतो. ती लिफ्टमध्ये शिरली की तोही शिरतो. बटण दाबत नाही. ती दाबेपर्यंत थांबतो. “ही डझ नॉट प्रेस,” ती म्हणाली. “ही वेट्स फॉर माय नंबर.”

एकही विशेषण नव्हतं. माझ्या हातावरची लव उभी राहिली.

लिफ्ट आली, रिकामी होती. आम्ही आत गेलो, दार मिटलं, आरशात आम्ही दोघी, हातात तांदळाच्या पिशव्या. ती राहते सातव्या मजल्यावर, हे मला ठाऊक आहे. तिने बोट उचललं आणि नऊ दाबलं. मी तिच्याकडे पाहिलं. “सवय,” ती हळूच चिनीत म्हणाली. “मार्चपासून.” नवव्या मजल्यावर आम्ही उतरलो, आणि तिने जिन्याचं जड दार खांद्याने ढकलून माझ्यासाठी धरून ठेवलं.